आधी काठावरून बोट फिरवा, मग आतल्या चौकटी मोजा : परिमिती आणि क्षेत्रफळ मुलांना कसं शिकवावं

चौथी-पाचवीतल्या मुलांना आयत काढून दिला आणि परिमिती काढायला सांगितली, की हमखास एक प्रश्न येतो : "बाई, बेरीज करायची की गुणाकार?" असं विचारणाऱ्या मुलाला दोन्ही सूत्रं पाठ असतात. मग घरचे म्हणतात, सूत्रांची सरमिसळ होतेय, आणि ती पुन्हा घोकून घेतात. अडचण पाठांतराची नसतेच. एकाच आयतात दोन निरनिराळ्या गोष्टी मोजता येतात, हे त्या मुलाला अजून दिसलेलं नसतं. ते एकदा दिसलं, की सूत्र विसरलं तरी मूल ते बसल्या जागी पुन्हा तयार करतं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी परिमिती, आणि तीही हातानं. ती पक्की झाल्यावर क्षेत्रफळ, तेही मोजून. मग एकाच आकृतीवर दोन्ही. सूत्रं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो मुलांच्या तोंडून. पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन सूत्रं शेजारी शेजारी लिहून दिली, तर पुढचं कितीतरी काम अवघड होऊन बसतं, असं माझं ठाम मत आहे.

सामान फार लागत नाही. १ सेमीच्या चौकटी असलेला कागद (गणिताच्या वहीतल्या चौकटी बहुधा लहान असतात, म्हणून कोऱ्या कागदावर आखून घ्या किंवा आलेख कागद वापरा), न ताणला जाणारा दोरा, पट्टी, कात्री, पुठ्ठा आणि थोड्या टाचण्या.

परिमिती : काठाची लांबी

मुलासमोर एखादी वही ठेवा. एका कोपऱ्यावर पेन्सिलीनं ठिपका द्या. त्या ठिपक्यापासून निघून वहीच्या कडेकडेनं बोट फिरवत परत ठिपक्यावर यायला सांगा. बोट एकदाही उचलायचं नाही आणि आत शिरायचं नाही. बोट जेवढं अंतर चाललं, तेवढी त्या वहीची परिमिती. व्याख्या म्हणून एवढं पुरेसं आहे.

आता तोच रस्ता दोऱ्यानं चाला. दोरा कडेला लावत लावत ठिपक्यापर्यंत आणा, तिथे कापा आणि पट्टीवर सरळ ताणून धरा. हे नुसतं सांगू नका, मुलाच्या हातून करवून घ्या. वहीभोवती चार वळणं घेतलेला दोरा सरळ झाला की मुलाला कळतं, परिमिती म्हणजे एक लांबीच आहे. म्हणूनच ती सेमीत, मीटरमध्ये मोजतात. नंतर चारही कडा पट्टीनं मोजून बेरीज करा आणि दोऱ्याच्या लांबीशी ताडून पाहा. एखाद-दोन मिलिमीटर इकडे तिकडे होणारच, ते होऊ द्या.

यानंतर आयतालाच चिकटून राहू नका. त्रिकोण, वेडावाकडा पंचकोन, पायऱ्यांसारखी आकृती, काहीही द्या. प्रत्येक ठिकाणी काम तेच : ठिपका द्यायचा, कडेनं जायचं, प्रत्येक बाजू एकदाच मोजायची, बेरीज करायची. असं केलं की परिमिती म्हणजे 'दोनदा लांबी आणि दोनदा रुंदी' असा समज पक्का होत नाही. ती सोय फक्त आयताची आहे, समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्यामुळे मिळालेली. आयताची परिमिती २ × (लांबी + रुंदी), चौरसाची ४ × बाजू, हे मुलं स्वतःच सांगतात. कंटाळा आला की माणूस आडवाट शोधतोच, आणि गणितात तो कंटाळा उपयोगी पडतो.

चौकटीच्या कागदावर एक चूक फार होते आणि ती नीट पाहिल्याशिवाय मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. ५ चौकटी लांब आणि ३ चौकटी रुंद असा आयत काढा. परिमिती विचारली, की काही मुलं कडेच्या चौकटी मोजतात. वरच्या ओळीत ५, खालच्या ओळीत ५ आणि मधल्या ओळीतल्या दोन टोकांच्या २, झाल्या १२. उत्तर मात्र १६ आहे. मुलानं मोजणी अगदी बरोबर केलेली असते, फक्त मोजायची वस्तू चुकलेली असते. त्यानं चौकटी मोजल्या, मोजायच्या होत्या त्यांच्या बाहेरच्या रेघा. कोपऱ्यातल्या प्रत्येक चौकटीला बाहेरच्या दोन रेघा आहेत आणि कोपरे चार, म्हणून बरोबर ४ कमी पडले. अशा वेळी "चूक" असं म्हणून पुढे जाऊ नका. मुलाला लाल पेन्सिल द्या आणि बाहेरच्या एकेका रेघेवर आडवी खूण करत मोजायला लावा. कोपऱ्यावर आल्यावर एकाच चौकटीला दोन खुणा पडलेल्या त्याला दिसतात, आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसरी चूक तिरप्या रेघांची. चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात गेलेली रेघ मुलं १ सेमी धरतात, कारण ती 'एकाच चौकटीतून' गेलेली असते. पट्टी लावून दाखवा, ती जवळपास १.४ सेमी भरते. तिरप्या बाजूला पट्टी लावायची, चौकटी मोजायच्या नाहीत, एवढा नियम या वयात पुरे. आणि पट्टी लावताना शून्याची खूण टोकावर ठेवायची, पट्टीची कड नाही, हेही पाहून घ्या.

क्षेत्रफळ : आत किती चौकटी मावतात

आता काठ सोडा आणि आत या. क्षेत्रफळ म्हणजे आकृतीनं कागदावरची किती जागा व्यापली आहे. ती मोजायची तर जागा झाकून पाहावी लागते. पुठ्ठ्याचे १ सेमी बाजूचे चौरस कापून घ्या आणि एखाद्या लहान आयतावर एकाला एक लावून ठेवायला सांगा. मध्ये फट नको आणि एकावर एक चढायलाही नको.

इथे एखादं चौकस मूल विचारतंच, चौरसच का? गोल चकत्या का नाहीत? विचारलं नाही, तर तुम्हीच विचारा. बटणं किंवा चकत्या ठेवून बघा, मध्ये फटी राहतात आणि त्या फटींचा हिशोब लागत नाही. सगळ्या बाजू सारख्या असलेले त्रिकोण किंवा षटकोन ठेवले तर फटी राहत नाहीत, त्यांनीही जागा झाकता येते. पण चौरस सरळ ओळींत बसतात, म्हणून मोजायला सोपे जातात, आणि सगळ्या जगानं ते मापासाठी स्वीकारले आहेत. १ सेमी बाजूच्या चौरसाएवढी जागा म्हणजे १ चौसेमी.

७ सेमी लांब आणि ४ सेमी रुंद आयत द्या. पहिल्यांदा मूल १, २, ३ करत २८ पर्यंत मोजेल. मोजू द्या. दुसऱ्या आयताला तेच. तिसऱ्याला ते म्हणेल, "एका ओळीत सात, आणि अशा चार ओळी." हा क्षण ओढून आणता येत नाही. पण तो आला, की लांबी × रुंदी हे सूत्र आपोआप तयार होतं, आणि गुणाकार का करायचा हा प्रश्न पुन्हा पडत नाही. चौरसात ओळी जितक्या, तितक्याच प्रत्येक ओळीत चौकटी, म्हणून बाजू × बाजू.

या टप्प्यावर एककाबाबत मी कडक असते. उत्तर '२८' असं नुसतं लिहिलेलं मी मान्य करत नाही. २८ काय? परिमिती असेल तर सेमी, क्षेत्रफळ असेल तर चौसेमी. मुलाला एकक लिहावं लागतं तेव्हा आपण काठ मोजला की जागा, हे मनात ठरवावंच लागतं.

दोन्ही एकाच आकृतीवर

इथे घाई अजिबात करू नका. सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे, आणि पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवण्याच्या नादात नेमका हाच भाग राहून जातो.

२४ सेमी लांब दोऱ्याची दोन टोकं गाठ मारून जोडा (गाठीसाठी थोडा जास्त दोरा घ्या, गाठ मारल्यावर २४ सेमी उरला पाहिजे). चौकटीच्या कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवा आणि चार टाचण्या टोचून त्यांच्याभोवती दोरा ताणा. वेगवेगळे आयत करा. दोरा तोच, म्हणजे परिमिती प्रत्येक वेळी २४ सेमीच. आता आतल्या चौकटी मोजा :

११ × १ चा आयत : ११ चौसेमी
१० × २ चा : २० चौसेमी
९ × ३ चा : २७ चौसेमी
८ × ४ चा : ३२ चौसेमी
७ × ५ चा : ३५ चौसेमी
६ × ६ चा : ३६ चौसेमी

ही यादी मुलानं स्वतःच्या हातानं लिहायला हवी. काठ तेवढाच, आतली जागा मात्र ११ पासून ३६ पर्यंत. "दोरा तर तोच आहे, मग जागा कशी वाढली?" असं मूल विचारतं. उत्तर लगेच देऊ नका. दोरा लांबट ताणला की समोरासमोरच्या बाजू एकमेकींना जवळजवळ चिकटतात आणि मध्ये जागाच उरत नाही, हे ते बघून बघून सांगतं. टाचण्या काढून दोऱ्याचा छान गोल केला तर आत चौरसापेक्षाही जास्त जागा मावते, सुमारे ४५.८ चौसेमी. काठ ठरलेला असेल तर सर्वांत जास्त जागा वर्तुळातच मावते.

आता उलट बाजूनं या. ६ × ६ चा कागद कापून घ्या. क्षेत्रफळ ३६ चौसेमी, परिमिती २४ सेमी. त्याच्या १ सेमी रुंदीच्या सहा पट्ट्या कापा आणि टोकाला टोक लावून एक लांबच लांब पट्टी मांडा. कागद तोच आहे, तुकडासुद्धा वाया गेलेला नाही, म्हणजे क्षेत्रफळ ३६ चौसेमीच. आणि परिमिती? ३६ + १ + ३६ + १, म्हणजे ७४ सेमी. कात्री लावली की नवे काठ तयार होतात, हे मुलांना कागद कापतानाच उमगतं.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. १० × ६ चा आयत काढा. परिमिती ३२ सेमी, क्षेत्रफळ ६० चौसेमी. आता उजव्या वरच्या कोपऱ्यातून ४ सेमी लांब आणि ३ सेमी रुंद तुकडा कापून टाका. मोजण्याआधी मुलांना अंदाज विचारा. जवळजवळ सगळी म्हणतात, दोन्ही कमी होणार. क्षेत्रफळ कमी होतंच : ६० − १२ = ४८ चौसेमी. परिमिती मोजा : १०, ३, ४, ३, ६, ६. बेरीज ३२! कापलेल्या तुकड्याच्या बाहेरच्या दोन कडा गेल्या, पण तेवढ्याच लांबीच्या दोन कडा आत नव्यानं आल्या. मग तोच आयत पुन्हा काढून कोपऱ्याऐवजी वरच्या बाजूच्या मधोमध २ सेमी रुंद आणि १ सेमी खोल खाच पाडा. क्षेत्रफळ ५८ झालं आणि परिमिती ३४. म्हणजे जागा घटली आणि काठ वाढला. एवढं पाहिलेलं मूल 'काठ मोठा म्हणजे जागा मोठी' असं पुन्हा सहसा म्हणत नाही.

हा गैरसमज लहानांचाच आहे असंही नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस यानं सिसिली बेट केवढं मोठं आहे हे सांगताना लिहिलं, की व्यापारी जहाजाला त्याला वळसा घालायला जवळपास ८ दिवस लागतात. वळशावरून किनाऱ्याची लांबी कळते. बेटाची जागा कळत नाही. पाचवीतल्या मुलांना हे सांगितलं, की ती लगेच किनाऱ्यावर खाचाखोचा असलेलं बेट काढून दाखवतात, वळसा मोठा आणि जमीन थोडी.

जाता जाता एक सावधगिरी. उदाहरण देताना ४ × ४ चा चौरस आणि ३ × ६ चा आयत सुरुवातीला टाळा. पहिल्याची परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६, दुसऱ्याचे दोन्ही आकडे १८. दोन्ही एकच असतात असा समज व्हायला एवढंही पुरतं. पूर्ण संख्यांच्या बाजू असलेल्या आयतांत असे दोनच आहेत. समज पक्की झाल्यावर मात्र ते कोडं म्हणून द्या, शोधायला मजा येते.

तिरपे आकार

पुठ्ठ्याच्या दोन लांब आणि दोन आखूड पट्ट्या घ्या. टोकांना भोकं पाडून टाचण्यांनी असा सांगाडा जोडा, की भोकांमधलं अंतर ८ सेमी आणि ५ सेमी राहील. सरळ उभा धरला की ८ × ५ चा आयत, क्षेत्रफळ ४०. आता वरची पट्टी बाजूला सरकवा. आकृती कलते, समांतरभुज चौकोन होतो. पट्ट्या त्याच आहेत, म्हणजे परिमिती २६ सेमीच. आणखी कलवत जा, शेवटी सगळ्या पट्ट्या एका रेषेत आडव्या पडतात आणि आत काहीच उरत नाही. म्हणजे ८ × ५ हा गुणाकार कललेल्या आकृतीला चालणार नाही, हे मुलाला आधीच कळलेलं असतं.

मग काय चालेल? कागदाचा समांतरभुज चौकोन कापा. एका टोकाचा काटकोन त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावा. आयत तयार होतो, त्याची लांबी म्हणजे पाया आणि रुंदी म्हणजे उंची. म्हणून क्षेत्रफळ पाया × उंची. उंची म्हणजे तिरपी बाजू नाही, पायावर लंब असलेलं सरळ अंतर. गुण्याची काटकोनाची बाजू पायावर टेकवून ते काढायला शिकवा. आपला सांगाडा ३ सेमी उंचीपर्यंत कलवला, तर क्षेत्रफळ ८ × ३ = २४ चौसेमी.

त्रिकोणाला आता वेळ लागत नाही. हुबेहूब सारखे दोन त्रिकोण कापा, एक फिरवून दुसऱ्याला जोडा, समांतरभुज चौकोन होतो. म्हणून एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया × उंची भागिले २. मात्र एक गोष्ट जरूर दाखवा. ६ सेमी पाया आखा आणि त्याच्या ४ सेमी वर त्याला समांतर रेघ ओढा. वरच्या रेघेवर कुठेही ठिपका घेऊन त्रिकोण पुरा करा. ठिपका उजवीकडे दूर दूर नेला की त्रिकोण लांबट, तिरपा होत जातो, परिमिती वाढत जाते, पण क्षेत्रफळ प्रत्येक वेळी १२ चौसेमीच. ठिपका पायाच्या बाहेर गेला की उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते आणि मुलं गोंधळतात. पाया तुटक रेघेनं पुढे वाढवा आणि लंब तिथे टेकवा.

वर्तुळ

डब्यांची झाकणं गोळा करा, लहान-मोठी. प्रत्येकाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजा, मधोमध पट्टी ठेवून व्यास मोजा आणि परिघाला व्यासानं भागा. झाकण कोणतंही असो, उत्तर ३ पेक्षा थोडंसं जास्त येतं. हा आकडा मुलांनी आधी स्वतः काढावा, पाय हे नाव नंतर सांगावं. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितलं होतं, की व्यास २०,००० असेल तर परीघ जवळपास ६२,८३२ असतो. भागाकार केला की ३.१४१६ येतात. तो आकडा अगदी तंतोतंत नाही, जवळचा आहे, हेही त्यानंच नोंदवून ठेवलं. आपण शाळेत वापरतो तो २२/७ हाही असाच सोयीचा, जवळचा आकडा आहे. पाय म्हणजे २२/७ असं मुलांना सांगू नका.

क्षेत्रफळासाठी कागदाचं वर्तुळ घडी घालत घालत १६ सारख्या फाकांत कापा. फाका उलटसुलट मांडा, एकीचं टोक वर आणि शेजारणीचं खाली. जवळजवळ आयत दिसू लागतो. त्याची उंची म्हणजे त्रिज्या आणि लांबी म्हणजे अर्धा परीघ. आर्यभटानं दिलेला नियमही नेमका हाच : अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास. त्रिज्या ७ सेमी असेल तर परीघ सुमारे ४४ सेमी, आणि क्षेत्रफळ २२ × ७ म्हणजे सुमारे १५४ चौसेमी. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग हे सूत्र सहावीनंतर आलं तरी काही बिघडत नाही.

एककांचा घोळ

१ मीटर म्हणजे १०० सेमी, म्हणून १ चौमी म्हणजे १०० चौसेमी, असं मुलं अगदी आत्मविश्वासानं लिहितात. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून १ मीटर बाजूचा चौरस तयार करा आणि जमिनीवर अंथरा. एका कडेला १ सेमीच्या १०० चौकटी, आणि अशा १०० ओळी, म्हणजे १०,००० चौसेमी. हा चौरस भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. एककं मिसळलेली असतील, समजा २ मीटर लांब आणि ५० सेमी रुंद, तर गुणाकाराआधी एकच एकक करून घ्यायचं : २०० × ५० = १०,००० चौसेमी, म्हणजेच १ चौमी.

शाब्दिक उदाहरणं

'कुंपण आलं की परिमिती, फरशी आली की क्षेत्रफळ' अशी शब्दांची यादी पाठ करून घेणारे पुष्कळ आहेत. मला ती पद्धत पसंत नाही, कारण यादीत नसलेला शब्द आला की मूल अडून बसतं. त्याऐवजी आकृती काढायला लावा आणि विचारा, इथे कडेनं जायचंय की आत पसरायचंय? भिंतीला रंग द्यायचा तर आत. चित्राला चौकट करायची तर कडेनं. मैदानाला फेऱ्या मारायच्या तर कडेनं. मैदानावर गवत लावायचं तर आत.

बागेभोवतीच्या रस्त्याचं उदाहरण नीट करून घ्या, कारण त्यात सगळ्याची परीक्षा होते. बाग २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे, बाहेरून चारही बाजूंनी २ मीटर रुंदीचा रस्ता आहे. रस्त्याचं क्षेत्रफळ किती? मुलं बाहेरच्या आयताची लांबी २२ धरतात. रस्ता दोन्ही टोकांना आहे, म्हणून २४, आणि रुंदी १६. बाहेरचा आयत ३८४ चौमी, बाग २४० चौमी, रस्ता १४४ चौमी. मग पडताळा घ्यायला लावा : रस्त्याचे चार तुकडे करा. वर आणि खाली २४ × २ चे दोन, म्हणजे ९६. बाजूला १२ × २ चे दोन, म्हणजे ४८. बेरीज १४४. दोन वाटांनी एकच उत्तर आलं, की मूल उत्तरासाठी पुस्तकाची शेवटची पानं उलटत नाही.

सूत्रच नसलेला आकारही एकदा मोजवून घ्या. चौकटीच्या कागदावर झाडाचं पान ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त झाकलेली चौकट १ धरा, अर्ध्याहून कमी असेल ती सोडून द्या, बरोबर अर्धी असेल तर अर्धी धरा. परिमितीसाठी त्या रेघेवर दोरा बसवा. तळहाताचा ठसाही असाच मोजता येतो. उत्तर अंदाजाचं येतं, आणि गणितात अंदाजालाही जागा आहे हे मुलांना इथे समजतं.

आकृती दुप्पट केली तर काय होतं, हेही विचारा. ३ × २ चा आयत ६ × ४ चा केला. परिमिती १० वरून २० झाली, दुप्पट. क्षेत्रफळ ६ वरून २४ झालं, चौपट. नव्या आयतात जुने चार आयत बसवून दाखवा. बाजू तिप्पट केली तर क्षेत्रफळ नऊपट.

समजलं की नाही, कसं ओळखायचं

आकृती देऊन परिमिती विचारण्यानं फारसं कळत नाही. उलट विचारा. चौकटीचा कागद द्या आणि रेघांवरूनच चालणारी, एकसलग अशी आकृती काढायला सांगा, जिची परिमिती २० सेमी आणि क्षेत्रफळ १६ चौसेमी असेल. थोड्या खटपटीनंतर ८ × २ चा आयत सापडतो. मग परिमिती २० च ठेवून क्षेत्रफळ १२ मागा. पूर्ण सेमीच्या बाजू घेऊन आयतानं हे जमत नाही. ज्या मुलाला कोपरा कापल्याचा प्रयोग खरोखर कळलाय, ते ६ × ४ चा आयत काढून त्याच्या कोपऱ्यातून ४ × ३ चा तुकडा काढून टाकतं. उरतात १२ चौकटी, आणि काठ २० सेमीच.

त्यानंतर क्षेत्रफळ २६ मागा आणि किती वेळ लागेल तो लागू द्या. हे जमणार नाही, आणि का जमणार नाही हे मुलाला सांगता यायला हवं. रेघांवरून काढलेली कोणतीही आकृती एका आयतात बंद करता येते, आणि त्या आयताची परिमिती आकृतीच्या परिमितीपेक्षा जास्त असूच शकत नाही. २० सेमी परिमितीच्या आयतात जास्तीत जास्त ५ × ५, म्हणजे २५ चौकटी मावतात. सव्विसावीला जागा नाही.